अकरा पोती कागद

चेन्सा: कागदाची पोती मागतेय मी, भावोजी. तुमची किडनी नाही मागत.

सालवु: किडनी मागितली असतीस तर विचार केला असता. दोन आहेत.

चेन्सा: पोती अकरा आहेत.

सालवु: वा. माझ्या गच्चीवर काय किती आहे ते तुला माहीत. मला कालपर्यंत पत्ता नव्हता.

चेन्सा: मला माहीत नसणार तर कोणाला? नोव्हेंबरपासून रोज दुपारी इथे येऊन बसत होते मी. तुम्ही क्लबात पत्ते खेळायला गेलात की आम्ही दोघी बहिणी कागद फाडायला घ्यायचो. शेवटचं पोतं दुमिंकाने फेब्रुवारीत बांधलं. मार्चमध्ये ती गेली. आता जुलै आहे, आज आमच्या सान जुझेपचा उत्सव आहे, संध्याकाळी मूर्ती निघेल, तिच्यावर हा कागद उधळायचाय, आणि खाली गाडी उभी आहे. मला वर जाऊ द्या. पोती उतरवते आणि जाते.

सालवु: थांब. आधी तुमच्या लोकांचा फटाक्यांचा बार होऊ दे.

चेन्सा: कुठे होतोय?

सालवु: होईल आत्ता... झाला. बघ. सकाळी आठपासून हेच चाललंय. सुतार माणूस तुमचा संत. त्याच्यासाठी एवढी दारू कशाला? लाकूड तासायचंय की डोंगर फोडायचाय?

चेन्सा: ऑगस्टात तुमच्या सान बार्तिलमेवला याच्या दुप्पट लागते. आमची कुत्री तीन दिवस कपाटातून बाहेर येत नाही.

सालवु: आमचा गावाचा मुख्य संत आहे. तुमचा दुय्यम. बिशपांच्या कागदावर तसं आहे.

चेन्सा: आलं! हे वाक्य कानावर पडल्याशिवाय मला उत्सव लागल्यासारखं वाटतच नाही. शेहेचाळीस वर्षं ऐकतेय. माझी बहीण बिचारी जेवताना पण ऐकायची.

सालवु: तुझी बहीण बिचारी! आमच्या उत्सवाच्या दिवशी ती मुद्दाम धुणं काढायची. गच्चीवर माझ्या चड्ड्या वाळत घालायची, चर्चच्या पायरीवरून दिसतील अशा. खाली मूर्ती माझ्या खांद्यावर, आणि वर माझ्याच चड्ड्या.

चेन्सा: धुतलेल्या असायच्या ना? मग?

सालवु: मग काही नाही. पोती मिळणार नाहीत.

चेन्सा: पण का?

सालवु: हे दुखवट्याचं घर आहे. वर्षभर सज्जा बंद, झेंडा नाही, दिवे नाहीत, कागद नाही. नियम काय मी केला?

चेन्सा: तुमचा सज्जा कोण मागतंय? माझ्या गच्चीवरून टाकू. क्लबाच्या गच्चीवरून टाकू. दुखवटा घराला असतो, पोत्यांना नसतो.

सालवु: हे शहाणपण तुम्हा निळ्या क्लबवाल्यांना फार उशिरा सुचलं. याच गोष्टीवरून तुम्ही गावाचा बँड फोडलात.

चेन्सा: आम्ही फोडला?

सालवु: अठराशे एक्क्याऐंशी साली. आपल्या बीर-तूतामध्ये एकच बँड होता तेव्हा. ना लाल क्लब, ना निळा. बँडमास्तरची आई जुलैत वारली. दुखवटा म्हणून बँड सान जुझेपच्या मिरवणुकीत वाजला नाही. एवढी साधी गोष्ट. तुम्ही रागावून मोठा ढोल उचललात आणि चालते झालात.

चेन्सा: आणि तोच बँड पाच आठवड्यांनी सान बार्तिलमेवसमोर वाजला! म्हातारी तेवढ्यात उठून बसली होती वाटतं.

सालवु: दुखवटा चाळीस दिवसांचा होता. संपला.

चेन्सा: पाच आठवड्यांचे चाळीस दिवस फक्त तुमच्याच उत्सव-पुस्तिकेत होतात, भावोजी. तिथेच तर दुमिंकाने पेन्सिलीने...

सालवु: काय? बोल ना. थांबलीस का?

चेन्सा: काही नाही. चहा करू का?

सालवु: तुला काय माहीत माझ्या पुस्तिकेत काय आहे ते? तुमच्या घरात लाल क्लबाची पुस्तिका आली तर तुम्ही ती चिमट्याने उचलून चुलीत टाकता.

चेन्सा: कुठेतरी पाहिली असेल.

सालवु: कुठेतरी. बस खाली. कुठे ते मी सांगतो. काल मी धुण्याचा साबण शोधायला गच्चीवरच्या खोलीत गेलो. घरात तेवढंच आता मला सापडत नाही. साबण, आणि कात्री. तिथे पोती. भिंतीला लावून नीट उभी केलेली. एकाचं तोंड सुटलं होतं. वर एक नाक होतं.

चेन्सा: नाक?

सालवु: माझ्या आजोबांचं. एकोणीसशे चोवीस सालच्या फोटोतलं. नुसतं नाक. तरी ओळखलं. आमच्या घराण्यात वारसा म्हणून तेवढं एकच येतं.

चेन्सा: मी चहाच करते.

सालवु: कर. दुधाचा डबा कपाटात आहे. मग मी हात घातला. नाकाखाली निघालं, ‘लमेवच्या कृपेने’. त्याखाली, ‘इंग्रजांच्या आरमारा’. त्याखाली, ‘लेखक: सालवु’. माझं आडनाव दुसऱ्या पोत्यात असणार.

चेन्सा: साखर?

सालवु: एकतीस वर्षं, चेन्सा. लाल क्लबाच्या उत्सव-पुस्तिकेत दर वर्षी चार पानं मी लिहिली. दिवसभर गोदीत वेल्डिंग करायचो. संध्याकाळी डोळ्यांची आग व्हायची तरी लिहायचो. म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन बसायचो. तुर्क आले तेव्हा गावातली कोण माणसं गलबतात घालून नेली. सरदारांनी बुरुजाचा दगड कोणाच्या खाणीतून घेतला. युद्धात कोणाच्या शेळ्या कोणी खाल्ल्या. कोण बोटीने ऑस्ट्रेलियाला गेलं आणि कोणाला सांगून गेलं नाही. शाळा माझी चौथीपर्यंत. एकेक वाक्य मी लोखंड वाकवावं तसं वाकवलंय. उरलेल्या प्रती मागच्या खोलीत पलंगाखाली रचल्या होत्या. गावाचा सगळा इतिहास. आता त्या पलंगाखाली काय आहे माहितेय?

चेन्सा: काय?

सालवु: जागा.

चेन्सा: बरं झालं. केर काढता येईल.

सालवु: हसू नकोस.

चेन्सा: हसत नाहीये. प्या चहा. हे पाहा, दुमिंकाने दर वर्षी वर्तमानपत्रं फाडली. मी आणून द्यायचे. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या फाडल्या. तुमच्या गोदीच्या युनियनची पत्रकं फाडली, ती तुम्हाला आठवली पण नाहीत. यंदा तिला जिना उतरता येत नव्हता आणि माझा गुडघा धरलेला. घरातला कागद संपला. मग एक दिवस ती म्हणाली, मागच्या खोलीतलं आण.

सालवु: आणि तू आणलंस.

चेन्सा: आणलं. मी निळी आहे, भावोजी. मला काय रडू येणार होतं?

सालवु: म्हणजे माझी बायको शेवटचे चार महिने माझ्याच घरात बसून मला फाडत होती. मी येऊन विचारायचो, आज काय केलंस? ती म्हणायची, काही नाही, पडून होते. आणि मी तिला उशी सारखी करून द्यायचो.

चेन्सा: उशीखाली पण होते कागद.

सालवु: तुला लाज वाटते का ग?

चेन्सा: थोडी. पण एक सांगू? नुसते फाडू द्यायची नाही ती मला. आधी वाचायची.

सालवु: काय वाचायची?

चेन्सा: तुमचं. मोठ्याने. पहिल्या पानापासून. एक पुस्तिका वाचून झाली की मग ती फाडायची, त्याआधी हात लावू द्यायची नाही. त्याच वर्षाच्या दुसऱ्या प्रती मी तोवर फाडत बसायचे. एकतीस वर्षं वाचली तिने. म्हणून तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी लागले. माझ्या एकटीच्या हातात दिलं असतं तर पंधरा दिवसांत उडवलं असतं सगळं.

सालवु: छापून आलं तेव्हा एकदाही वाचलं नाही तिने. मी टेबलावर ठेवायचो. ती त्यावर गरम भांडं ठेवायची.

चेन्सा: लाल क्लबाची पुस्तिका निळ्या बाईने वाचायची म्हणजे? तुमच्यासमोर? मेली असती तरी वाचली नसती.

(सालवु कप खाली ठेवतो.)

चेन्सा: तोंडातून गेलं. माफ करा.

सालवु: असू दे. हसायची का? वाचताना.

चेन्सा: हसायची. मग खोकला यायचा. मग पाणी प्यायची आणि म्हणायची, पुढचं पान दे. चुका दिसल्या की पेन्सिल मागायची. चाळीसचे ‘पस्तीस दिवस’ तिने तिथेच केले. समासात लिहायची आणि मग फाडायची.

सालवु: लिहून फाडायची? मग लिहायची कशाला?

चेन्सा: चूक तशीच सोडवत नव्हती तिला. तुमच्या शर्टाचं बटण लावायची आणि मग शर्ट पोछ्याला घ्यायची, तशी. आणि ती विहिरीची गोष्ट तर तिने दोन्ही बाजूंनी भरून लिहिली होती.

सालवु: कोणती? युद्धातला, बेचाळीसचा बॉम्ब? त्यात काय चूक? बॉम्ब चौकातल्या विहिरीत पडला. फुटला नाही. चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याने पाहिला आणि गुडघे टेकून सान बार्तिलमेवचा धावा केला. मी त्याच्या मुलाकडून ऐकून लिहिलंय.

चेन्सा: आमच्या क्लबाच्या पुस्तिकेत सान जुझेपचा धावा केला असं आहे.

सालवु: तुमच्या पुस्तिकेत जाहिरातीच जास्त असतात.

चेन्सा: दोन्ही खोटं आहे. घंटावाला दुसऱ्या दिवशी आला. बॉम्ब पडला तेव्हा विहिरीवर आमची आई होती. अठरा वर्षांची. बादली तिथेच टाकून ती पळत घरी आली आणि कोणाला एक अक्षर बोलली नाही. सगळा गाव रात्रभर त्या विहिरीचं पाणी प्यायला.

सालवु: बॉम्ब पडलाय हे सांगायचं नाही? का?

चेन्सा: कारण आजीला वाटत होतं, ती त्या वेळी चर्चमध्ये जपमाळ ओढतेय. विहिरीवर ती पाण्याला गेलीच नव्हती. बादली लोकांना दाखवायला होती.

सालवु: मग कशाला गेली होती?

चेन्सा: तुमच्या काकाला भेटायला.

सालवु: कोणत्या काकाला? कालचीदून काकाला? जो ऑस्ट्रेलियाला गेला?

चेन्सा: जो सांगून गेला नाही. तुम्हीच लिहिलंय ना, कोणाला सांगून गेला नाही म्हणून. आईला सांगून गेला होता. तिच्या बापाने लाल घरात मुलगी देणार नाही म्हटलं, म्हणून गेला.

सालवु: म्हणजे एकतीस वर्षं मी गावभर विचारत फिरलो, आणि खरं काय ते माझ्या शेजारी घोरत होतं.

चेन्सा: तुम्ही तिला कधी विचारलं होतं?

सालवु: ती निळी होती!

चेन्सा: मग झालं तर.

सालवु: आता ते कोणत्या पोत्यात आहे?

चेन्सा: सातव्या. नाहीतर आठव्या. का, चिकटवणार आहात?

(नेनू आत येतो. हातात फडक्याने झाकलेली थाळी.)

नेनू: दार उघडं होतं म्हणून आलो. सालवु, माझ्या बायकोने भाजलेली मॅकरोनी दिलीय तुला. एकटा माणूस, म्हणाली, काय खात असेल. आणि सहज लक्षात आलं की निळ्या क्लबाची गाडी तुझ्या दारात उभी आहे.

चेन्सा: या, अध्यक्ष. मॅकरोनी गरम आहे की फक्त बातमी?

नेनू: चेन्साबाई, नमस्कार. आज तुमचा दिवस आहे, मी काही बोलणार नाही. शुभेच्छा. सालवु, जरा बाजूला ये.

सालवु: घर एवढंच आहे, नेनू. इथेच बोल.

नेनू: मी लाल क्लबाचा अध्यक्ष म्हणून आलो नाही. मित्र म्हणून आलोय. पण क्लबात चर्चा आहे. निळी गाडी. उत्सवाच्या दिवशी. आपल्या माणसाच्या दारात. समितीने मला विचारलं, काय प्रकार आहे? मी म्हटलं, सालवुवर माझा विश्वास आहे. बघून येतो.

सालवु: विश्वास आहे म्हणून बघायला आलास.

नेनू: प्रकार काय आहे?

चेन्सा: दुमिंकाने फाडलेला कागद न्यायला आलेय मी. अकरा पोती.

नेनू: अकरा! आमच्या क्लबाने गेल्या वर्षी सगळी मिळून नऊ टाकली. तीही यंत्रावर कापून आणलेली.

चेन्सा: दिसलं होतं. शेवया पडल्यासारख्या पडत होत्या.

सालवु: पुढचं पण सांग त्याला. कागद कुठला आहे ते.

चेन्सा: तुम्हीच सांगा.

सालवु: लाल क्लबाच्या पुस्तिका, नेनू. एकतीस वर्षांच्या. तू प्रत्येकीत अध्यक्षाचं मनोगत लिहायचास. तूही आहेस पोत्यांत. चष्म्यासकट.

नेनू: आमच्या पुस्तिका? फाडून? आमच्या पुस्तिका त्या सुतार... म्हणजे तुमच्या संतावर टाकणार? चेन्साबाई, हे मुद्दाम आहे. हा अपमान आहे. ती क्लबाची मालमत्ता आहे!

सालवु: उरलेल्या प्रती तूच मला म्हणालास, घेऊन जा बाबा, उंदीर झालेत.

नेनू: सांभाळायला दिल्या होत्या. सालवु, हे बघ, सरळ मार्ग आहे. पोती आपल्या क्लबात जातील. ऑगस्टात आपण ती सान बार्तिलमेववर टाकू. आपला कागद, आपला संत. अकरा पोती! निळ्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

चेन्सा: माझ्या बहिणीने फाडलेला कागद बार्तिलमेववर? ती थडग्यातून उठून तुमच्या मानेवर बसेल.

नेनू: कागदाला काय कळतंय कोणी फाडला?

सालवु: मला कळतंय.

नेनू: तू भावनेच्या भरात आहेस. साहजिक आहे. चार महिने झालेत फक्त. म्हणून तर हे मी आज बोलणार नव्हतो, पण बोलतो. समितीने ठरवलंय. यंदा मूर्ती चर्चमधून निघाली की चौकापर्यंत पुढच्या दांड्याला तुझा खांदा असेल. त्र्याहत्तर वर्षांचा असलास तरी. तीस वर्षं तू मूर्ती वाहिलीस, खांद्यावर पावासारखी गाठ घेऊन फिरतोस. ती काय निळ्यांनी दिलेली नाही. हा मान आम्ही आजवर कोणालाही असा दिला नाही. तू स्वतः किती वर्षं म्हणत होतास, एकदा शेवटचं घ्यायचंय.

सालवु: म्हणत होतो.

नेनू: मग? ही पोती आज निळ्यांच्या हातून रस्त्यावर पडली, आणि त्यात आपली पुस्तिका आहे हे कोणी उचलून वाचलं, तर मी समितीला काय तोंड दाखवू? तो मान मला देता येईल का?

चेन्सा: बघा हं, भावोजी. किडनी खरं म्हणजे यांना पाहिजे.

सालवु: तू गप्प बस जरा. नेनू, तुला काय वाटतं, मी पोती हिला देणार होतो?

नेनू: नव्हतास?

सालवु: नाही. सकाळपासून नाहीच म्हणतोय. तुलाही देणार नाही.

नेनू: मग करणार काय त्यांचं?

सालवु: काही नाही. राहू देत वर.

चेन्सा: वर? उंदरांसाठी?

सालवु: आज टाकला तर उद्या सकाळी झाडूवाले येतील. आठ वाजता रस्ता धुतलेला असेल. नोव्हेंबरपासून तिने जे केलं ते सगळं कचऱ्याच्या गाडीत. एका रात्रीत. तिचे कपडे तू नेलेस, चेन्सा. बरोबर केलंस, मीच म्हटलं होतं ने. चपला नेल्यास. औषधं मी परत दिली. चष्मा पेटीत तिच्याबरोबर गेला. घरात तिच्या हातचं काही राहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात तिने मुरवलेल्या केपरांच्या कळ्यांची शेवटची बरणी संपली, आणि ती मीच संपवली, भाकरीबरोबर उभ्याउभ्या. मग काल ही पोती सापडली. काल रात्री मी जेवलो नाही आणि चिडलो होतो, खूप चिडलो होतो. तिच्यावर चिडायला काहीतरी मिळालं. चार महिन्यांत पहिल्यांदा घरात कोणीतरी आहे असं वाटलं.

नेनू: सालवु...

सालवु: तुला वाटलं मला इतिहासाची पडलीय. दुमिंकालाही तेच वाटत असेल. पाच आठवड्यांचे चाळीस दिवस करणारा माणूस मी.

चेन्सा: भावोजी, तिने ती ठेवायला नव्हती फाडली.

सालवु: माहितेय.

चेन्सा: शेवटच्या आठवड्यात तिच्या बोटांत जोर नव्हता. मी म्हटलं, दहा झाली, पुरे. नाही म्हणाली. अकरा म्हणाली. क्लबात गेल्या पन्नास वर्षांत एका घरातून दहाच्या वर कधी आली नाहीत. तिला पहिली यायचं होतं. काय मूर्ख बाई! मरताना पहिली यायचं होतं तिला. अकरावं पोतं अर्धं मी भरलं, ती नुसती बघत होती. भावोजी, ते वर राहिलं तर कोणालाच कळणार नाही ती पहिली आली ते.

सालवु: दहा ने. एक राहू दे.

चेन्सा: दहा म्हणजे बरोबरी. पचोल्या म्हातारीने एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली दहा दिली होती. तिच्याशी बरोबरी? दुमिंकाने तिच्याशी वीस वर्षं अबोला धरला होता.

नेनू: मला वाटतं मी नंतर येतो.

सालवु: थांब, नेनू. तू साक्षीदार आहेस. तुझ्या क्लबातसुद्धा हे नीट कळायला पाहिजे. चेन्सा, गाडी परत पाठव.

चेन्सा: म्हणजे नाहीच?

सालवु: पोती इथून जाणार नाहीत. मूर्ती माझ्या सज्ज्याखालून जाते ना?

चेन्सा: साडेसातला. पण सज्जा... भावोजी, दुखवट्याचं घर आहे. वर्ष पण झालं नाही. लोक बोलतील.

सालवु: बोलू देत. गावाचा इतिहास कोण लिहितं? मीच लिहितो.

नेनू: सालवु, तू? लाल माणूस? सान जुझेपवर? स्वतःच्या हाताने? अरे, तुझा फोटो आहे आपल्या क्लबाच्या भिंतीवर!

सालवु: उतरवा. खिळा राहू दे, दुसऱ्या कोणाला लागेल.

नेनू: आणि ऑगस्टात खांदा? मी समितीला काय सांगू?

सालवु: सांग, त्याचा खांदा दुखतोय.

नेनू: तुझा खांदा कधी दुखला नाही.

सालवु: मग खरं काय ते सांग. ते लिहिलेलं चालत नसलं तरी सांगायला हरकत नाही.

नेनू: तू एवढी वर्षं हा मान मागितलास, आणि आता असा सोडतोस. मला समजत नाही. खरंच समजत नाही. ...मी मागच्या गल्लीने जातो.

चेन्सा: का हो, अध्यक्ष? पुढचं दार उघडं आहे.

नेनू: पुढे तुमची गाडी आहे, लोक उभे आहेत. मागच्या गल्लीने गेलो तर मी इथे आलोच नव्हतो. संध्याकाळी मी दारं लावून रेडिओ ऐकत बसेन, दर वर्षीसारखा. काय पडलं, कोणी टाकलं, मला माहीत नाही. ऑगस्टला अजून महिना आहे. समितीत सगळ्यांचीच आठवण काही फार चांगली नाही. सालवु, मॅकरोनी खाऊन घे. थाळी बायकोची आहे, विसरू नकोस.

चेन्सा: गेला. माणूस वाईट नाही हो, लाल असून.

सालवु: तुझा गुडघा कसा आहे? पोती गच्चीवरून सज्ज्यात आणायची आहेत. मधे चौदा पायऱ्या.

चेन्सा: क्लबातल्या पोरांना बोलावते.

सालवु: नको. आपण दोघं आणू. वेळ आहे. एकेक करून.

चेन्सा: सज्ज्याच्या खिडक्या मार्चपासून बंद आहेत. दमट हवेने लाकूड फुगलं असेल. उघडतील ना?

सालवु: मी गोदीत चाळीस वर्षं काय खिडक्यांना घाबरायला शिकलो?

चेन्सा: आणि काळा शर्ट?

सालवु: काळाच राहणार. निळा घालून टाकेन असं वाटलं तर चुकतेस.

चेन्सा: नाही म्हटलं हो. डोळ्यात पाणी आलंय तुमच्या, कागद दिसेल ना नीट?

सालवु: कांदा आहे मॅकरोनीत.

चेन्सा: फडकं अजून काढलंही नाहीये.

सालवु: चेन्सा, एक विचारू? हसायचं नाही. मी तीस वर्षं मूर्तीखाली होतो. कागद डोक्यावर पडताना माहीत आहे, तोंडात जाताना माहीत आहे. वरून कधी टाकला नाही. मूठ मूठ टाकायचा की पोतं उपडं करायचं?

चेन्सा: मूठ मूठ. आणि मूर्ती सज्ज्याच्या थोडी अलीकडे असतानाच सुरुवात करायची, भावोजी. खाली पोचायला वेळ लागतो त्याला.